लिफ्टमध्ये गुळाच्या दहा ढेपा

परवा व्हिडिओ कॉलवर बोलताना माझ्या मागे परसात एक उंच काचेची पेटी दिसली आणि धाकट्याने विचारलं, "आजी, तुम्ही घरात मॉल काढलात का?" तुमच्याकडे शाळेची घाई चालली होती, म्हणून मी नुसतं "लिफ्ट आहे रे" म्हणून सोडून दिलं. पण ती लिफ्ट कशी झाली हे घाईत सांगण्यासारखं नाही, तेव्हा लिहूनच काढते. थोरलीला यंत्रांची आवड आहे, तिच्यासाठी यंत्राचा भाग नीट लिहिला आहे. धाकट्याला कंटाळा आला तर त्याने सरळ गुळापासून वाचायला घ्यावं.

आधी घराची मांडणी सांगते, कारण तुम्ही शेवटचे आलात तेव्हा दोघंही जिन्याच्या कठड्यावरून घसरण्यापलीकडे काही बघत नव्हतात. खाली बैठकीची खोली, स्वयंपाकघर आणि आमची खोली. वर माझ्या थोरल्या जाऊबाईंची खोली, तिला लागून न्हाणीघर आणि परसाच्या बाजूला छोटा सज्जा. त्यावर कौलं. थोरल्या जाऊबाई म्हणजे तुमची मोठी आजी. मी त्यांना अक्का म्हणते. त्यांचं वय ऐंशीच्या पुढे आहे आणि त्या अस्सल कोल्हापुरी बोलतात, स्वतःबद्दलही 'मी आलो, मी गेलो' असंच.

दीड वर्षापूर्वी अक्का घसरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन चांगलं झालं. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा चार जणांनी त्यांना खुर्चीसकट उचलून जिन्यावरून वर नेलं. आपला जिना तुम्हाला माहीत आहे, अरुंद, मध्येच वळणारा आणि पायऱ्या उंच. वळणावर खुर्ची तिरकी झाली आणि अक्कांनी एकाचे केसच धरले. वर पोचल्यावर त्या म्हणाल्या, "परत मला असं उचलायचं न्हाय. मी काय गणपती हाय?"

तेव्हापासून चौदा महिने त्या खाली आल्या नाहीत. वॉकर घेऊन खोलीभर आणि सज्ज्यापर्यंत छान चालायच्या, पण जिना त्यांना जमेना. आम्ही आमची खालची खोली देऊ केली. तुमचे आजोबा पलंग हलवायलाही निघाले होते. अक्का म्हणाल्या, "मी ह्या खोलीत आलो तवा तू शाळेत दप्तर घेऊन जात हुतीस. आता मला तिथनं काढतीस व्हय?" पलंग जागच्या जागी राहिला.

घर मात्र त्या वरून चालवत होत्या. स्वयंपाकघरात माझा मोबाइल वाजायचा आणि वरून अक्का विचारायच्या, "लसूण करपला न्हवं? वास आला." करपलेला असायचाच.

त्यांचा मुलगा, म्हणजे तुमचा काका, पुण्यात चौदाव्या मजल्यावर राहतो. माणूस अगदी मायाळू, पण काळजीने पोखरलेला. फेब्रुवारीत आला तेव्हा तो माझ्याशी वेगळं बोलला. "काकू, तुम्ही दोघंही सत्तरीच्या पुढची. आईला अचानक काही झालं तर खाली कसं आणणार?" मग तो वर गेला आणि अक्कांना सरळ म्हणाला, "मे महिन्याच्या पहिल्या रविवारी मी गाडी घेऊन येतो. तोवर तुला स्वतःच्या स्वतः खाली-वर करता आलं तर राहा. नाही तर माझ्याकडे चल. तिथे लिफ्ट आहे, डॉक्टर खाली आहे, सगळं आहे."

अक्कांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. त्या ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला वर बोलावलं आणि कपाटाच्या किल्ल्या माझ्या हातात दिल्या. "ठेव तुझ्याजवळ. मे काय लांब न्हाय." मी किल्ल्या त्यांच्या उशाखाली ठेवल्या आणि खाली येऊन वहीत लिहिलं: लिफ्ट. अडीच महिने.

लिफ्टवाल्यांना बोलावणं सोपं होतं. पहिले आले, त्यांनी परसात बोट दाखवून सांगितलं, "इथे पाच फूट खड्डा लागेल." इथे म्हणजे आपल्या पाण्याच्या टाकीवर. दुसऱ्यांना लिफ्टच्या डोक्यावर मशीनसाठी खोली हवी होती. वर कौलं आहेत, खोली काय हवेत बांधणार? तिसऱ्यांकडे खड्डा नको, खोली नको अशी परदेशी लिफ्ट होती, पण ती यायला दिवाळी उजाडली असती. चौथ्यांनी जिन्यालाच सरकती खुर्ची बसवू म्हटलं, जिना पाहिला आणि चहा न घेताच गेले.

मार्चच्या सुरुवातीला तुमचे आजोबा स्कूटरच्या स्टँडला वेल्डिंग करून घ्यायला उद्यमनगरात, कारखान्यांच्या भागात, गेले आणि येताना मागच्या सीटवर एका माणसाला बसवून घेऊन आले. साठीचे, इस्त्रीचा शर्ट, खिशात टेप. त्यांचा तिथे स्वतःचा कारखाना आहे. बिद्री-मुरगूडकडे शेतात फिरणाऱ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या पुढून उचलून मागे माती ओततात ना, त्या उचलणारे जॅक ते बनवतात. एका कापड दुकानाची मालाची लिफ्ट आणि एका दवाखान्याची पेशंटची लिफ्टही त्यांनी केली होती. आम्ही त्यांना मिस्त्री म्हणू लागलो.

मिस्त्री परसात उभे राहिले. वर बघितलं, खाली बघितलं, टाकीच्या झाकणावर टाच आपटली.

"होतंय की," ते म्हणाले.

"खड्डा?" मी विचारलं.

"न्हाय लागत. वीतभर उंबरा होईल, त्याला उतार करू."

"वर खोली?"

"न्हाय लागत."

"मग मशीन कुठे ठेवणार?"

"जिन्याखाली चपला ठेवताय न्हवं, वैनी? चपला हलवा."

आता थोरलीने लक्ष द्यावं. नेहमीच्या लिफ्टला वरून दोर ओढतो. आपल्या लिफ्टला खालून तेल ढकलतं. जिन्याखाली एक मोटर आहे, ती पंप फिरवते, पंप जाड नळीतून तेल एका उभ्या नळकांड्यात भरतो आणि त्यातला चकचकीत दांडा वर सरकतो. डॉक्टरांच्या सिरिंजमध्ये दट्ट्या दाबला की औषध बाहेर येतं, त्याच्या बरोबर उलट: इथे औषध आत ढकलायचं आणि दट्ट्या वर येतो. तू म्हणशील, मग बारा फूट वर जायला बारा फुटी दांडा हवा आणि तो खाली असताना जमिनीत गाडलेला हवा. मीही तेच विचारलं. मिस्त्रींनी माझ्या वहीत पेन्सिलने एक चाक काढलं. दांड्याच्या टोकावर चाक, चाकावरून जाड साखळी. साखळीचं एक टोक खाली पक्कं बांधलेलं, दुसरं केबिनला. दांडा एक फूट वर गेला की केबिन दोन फूट जाते. म्हणजे सहा फुटी दांड्यात बारा फूट, आणि जमिनीत काही गाडायला नको. बदल्यात दांड्याला दुप्पट वजन उचलावं लागतं. "ते आमच्या जॅकला काय न्हाय," मिस्त्री म्हणाले. "त्यो चार टनाला घाबरत न्हाय, तुम्ही तिघं म्हंजे त्याला पाखरं."

टाकीचंही त्यांनी सोडवलं. टाकीच्या दोन्ही बाजूंना नवे पाये घेतले आणि त्यांच्यावर लोखंडी तुळया आडव्या टाकल्या, पुलासारख्या. सगळा भार त्या पुलावर. टाकीच्या झाकणावर कशाचंच वजन नाही, आजही आम्ही झाकण काढून टाकी धुतो.

मला सगळ्यात आवडलं ते खाली येणं. खाली यायला मोटर लागतच नाही. एक व्हॉल्व्ह उघडला की केबिनच्या वजनाने तेल आपोआप परत मोटरजवळच्या तेलाच्या डब्यात जातं आणि लिफ्ट हळूहळू उतरते. वीज गेली तरी आतलं लाल बटण बॅटरीवर चालतं आणि तोच व्हॉल्व्ह उघडतं. "वर अडकून पडली असं होणार न्हाय," मिस्त्री म्हणाले. "लाईट न्हाय म्हणून वर जाता यायचं न्हाय, पर खाली शंभर टक्के." नळी फुटलीच तर तेल जागच्या जागी अडवणारा वेगळा व्हॉल्व्ह आहे, आणि साखळी तुटली तर केबिनच्या बाजूच्या पाचरी रुळांना चावतात. तुमचा बाप हे वाचून फोन करेल म्हणून मुद्दाम लिहिलं.

राहिली काच. ती माझी मागणी. लिफ्टला जागा एकच, स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर. तिथे पत्र्याचा डबा उभा राहिला असता तर मला दिवसा दिवे लावून भाजी चिरावी लागली असती. म्हणून बाहेरचा सांगाडाही काचेचा आणि आतली केबिनही काचेची. वजन सगळं लोखंडी चौकटीवर, काच फक्त रबरी पट्ट्यांत धरलेली.

अक्कांना हे वर जाऊन सांगितलं तेव्हा त्या भडकल्या. "काचेत घालून मला काय मिठाईच्या दुकानात ठेवताय? येणारा-जाणारा बघणार, आली बर्फी, गेली बर्फी!"

"अक्का, परसात कोण येतंय-जातंय?"

"शेजारीण हाय की. तिला दुसरं काम काय?"

आणि काच फुटली तर, हा दुसरा मुद्दा. मिस्त्रींनी तुकडा आणला: भट्टीत भाजून कडक केलेल्या दोन काचा आणि मधे चिकटवलेला पारदर्शक थर. तो सज्ज्यात अक्कांच्या समोर लाकडी ठोकळ्यांवर ठेवला आणि हातोडा तुमच्या आजोबांकडे दिला. आजोबांनी टक् करून मारलं. काही झालं नाही. "जेवला न्हाईस व्हय?" अक्का म्हणाल्या. मग आजोबांनी असा काही घाव घातला की त्यांचा चष्मा खाली पडला. काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा उमटल्या, पण एक कपचीही सुटली नाही. अक्कांनी जाळ्यावरून बोट फिरवलं, बोटाकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "शेजारणीच्या बाजूनं पडदा लावा."

म्हणजे होकार.

एप्रिल संपत आला तेव्हा लिफ्ट उभी राहिली होती. काका यायला नऊ दिवस उरले होते. आता धाकट्याचा गूळ.

लिफ्ट माणसांसाठी उघडण्याआधी तिच्यावर जास्तीचं वजन ठेवून बघायचं असतं. तेलाच्या लिफ्टची आणखी एक परीक्षा असते. वजनासकट ती वर उभी करून ठेवायची आणि तेल कुठून झिरपून ती हळूच खाली तर बसत नाही ना, हे दिवसभर बघायचं. तिघांची लिफ्ट, वर थोडं जास्तीचं, म्हणजे तीनशे किलो हवे. मी म्हटलं वाळूची पोती आणू. मिस्त्रींनी मान हलवली.

"वाळू फसवती, वैनी. वली असली की जड, वाळली की हलकी. मी गुळावर टेस्ट करतो. ढेप काट्यावरनं तोलून आलेली असती, तीस किलो म्हंजे तीस किलो. माझ्या जावयाचं मार्केट यार्डात दुकान हाय, दहा ढेपा आणतो, काम झालं की परत."

ट्रॉलीचे जॅक ते असेच तपासत आले होते आणि त्यांच्या कारखान्यात हे वर्षानुवर्षं बिनबोभाट चाललं होतं. मलाही ते पटलं. वजन मोजलेलं असणं मला नेहमीच आवडतं. शनिवारी सकाळी टेम्पोतून गोणपाटात गुंडाळलेल्या दहा ढेपा आल्या. त्या केबिनमध्ये रचल्या, मिस्त्रींनी बटण दाबलं आणि तीनशे किलो गूळ सावकाश वर गेला आणि अक्कांच्या सज्ज्याशी थांबला. मी सांगाड्यावर कागदाची पट्टी चिकटवून केबिनच्या तळाशी पेन्सिलची रेघ मारली. संध्याकाळपर्यंत रेघ हलता कामा नये. मिस्त्री एका लग्नाला गेले. आम्ही जेवून आडवे झालो.

चारच्या सुमाराला फोन वाजला. अक्का.

"अगं, तुमचा गूळ घामाघूम झालाय."

"काय?"

"वर ये आणि बघ."

वर गेले. सज्ज्यातून लिफ्टच्या काचेला हात लावला आणि मागे घेतला, इतकी ती तापली होती. आपलं परस पश्चिमेकडे आहे. दुपारचं सगळं ऊन आधी सांगाड्याच्या काचेतून आत, मग केबिनच्या काचेतून आत, आणि आत गेलेली उष्णता बाहेर पडायला कुठेही वाट नाही. सगळ्यात वरच्या ढेपा मऊ होऊन गोणपाटातून बाहेर ओघळत होत्या. तांबूस पाक दारापाशी साचून उंबऱ्यावरून सज्ज्यात उतरला होता आणि भिंतीच्या फटीतून मुंग्यांची रांग शिस्तीने निघाली होती. कागदावरची रेघ मात्र जागच्या जागी होती.

मिस्त्री लग्नाच्या फेट्यासकट आले. आधी रेघ बघितली. "सूतभरबी हालली न्हाय!" असं आनंदाने म्हणाले, आणि मग त्यांना पाक दिसला. फेटा काढून त्यांनी काखेत धरला.

"आमचं चुकलं, आक्का. जॅक कायम सावलीत तपासला. काचेत कधी तपासला न्हाय."

अक्का पलंगावर बसल्या होत्या. आवाज चढवला नाही. "गुळाचं असं झालं. मी मधेच अडकलो तर माझं काय हुईल?"

"दोन मिनिटांची बात हाय, आक्का..."

"दोन मिनिटं म्हंजे दोन मिनिटं. मी बसणार न्हाय त्यात." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "माझी बॅग माळ्यावर हाय न्हवं? ती काढून पुसून ठेव."

त्या वेळी मला पहिल्यांदा वाटलं की सगळं फुकट गेलं. आठ दिवसांत नवं काय करणार? तुमचे आजोबा म्हणाले, केबिनमध्ये एसी बसवू. मिस्त्री म्हणाले, काचेला काळा कागद लावू. मी म्हटलं, मग काच कशाला लावली? आम्ही तिघं सज्ज्यात पाकात पाय चिकटवून भांडत होतो, आणि अक्का आतून ऐकत होत्या. शेवटी त्यांनाच राहवलं नाही.

"अरे मिस्त्री, तू गुऱ्हाळघर बघितलंयस का कधी?"

"बघितलंय की."

"काय बघितलंस? रस प्यालास आणि आलास. छपराकडं बघितलंस?"

मिस्त्रींनी मान वर केली.

अक्कांच्या माहेरी गुऱ्हाळ होतं. काहिलीत रस उकळतो तेव्हा वाफेने माणूस उभं राहू नये, पण तिथली माणसं दिवसभर उभी असतात, याचं कारण त्यांनी सांगितलं. "मधलं छप्पर वरच्या वर उचललेलं असतंय, दोन हात. खालनं भिंती उघड्या. गार वारं खालनं येतंय, वाफ वरनं जाती. पंखा न्हाय, काय न्हाय. तुम्ही डोक्यावर झाकण लावून बसलाय, आणि खालनंबी बंद. ह्येला लिफ्ट म्हणत न्हाईत, कुकर म्हणत्यात."

मिस्त्रींनी काखेतला फेटा माझ्याकडे दिला, टेप काढला आणि लिफ्टच्या डोक्यावरच्या काचेचं माप घ्यायला लागले.

त्या आठवड्यात त्यांनी सांगाड्याची वरची काच चार बोटं उचलून खांबांवर बसवली, पाऊस आत येऊ नये म्हणून तिला बाजूंनी पन्हळ दिली. खाली सर्व बाजूंनी जाळी. केबिनच्या छताला आणि तळाशी अरुंद फटी ठेवल्या, बोट जाणार नाही एवढ्याच. पश्चिमेच्या काचेला दुधी थर चढवला, तोच शेजारणीसाठी पडदाही झाला. केबिनमध्ये छोटा पंखा लावला, पण तो आमच्या समाधानासाठी. अक्का म्हणाल्या, त्याची गरज न्हाय. मी भिंतीवरचा थर्मामीटर केबिनमध्ये टांगला आणि दोन दिवस दर तासाला आकडा वहीत लिहिला. भर दुपारीही आत आणि बाहेर फारसा फरक पडेना. वहीतला तो कागद फाडून मी अक्कांना वाचून दाखवला. "मला काय वाचून दाखवतीस," त्या म्हणाल्या, पण कागद ठेवून घेतला.

ढेपा अर्थातच परत गेल्या नाहीत. गल्लीत ज्याने भांडं आणलं त्याला गूळ मिळाला. वजनाची परीक्षा पुन्हा घेतली ती सिमेंटच्या पोत्यांवर. शुक्रवारी सरकारी तपासणीचे साहेब आले. त्यांनी साखळी, पाचरी, व्हॉल्व्ह, दाराचं कुलूप सगळं दोनदा बघितलं, कागदांवर सह्या केल्या आणि जाताना विचारलं, "बाकी सगळं चांगलं आहे, पण इतक्या मुंग्या कुठून येतात?"

रविवारी दहाला काका आला. अक्का वर इरकली नेसून तयार होत्या. मी त्यांची बॅग पुसून ठेवली होती आणि ती दाराशी दिसत होती, आणि अक्का लिफ्टमध्ये बसणार का, हे त्यांनी अजून कोणालाच सांगितलं नव्हतं. मिस्त्री धुतलेला शर्ट घालून सज्ज्यात उभे होते.

"तू आधी," अक्का त्यांना म्हणाल्या. "बनवणाऱ्यानं आधी बसायचं."

मिस्त्री खाली गेले, वर आले.

"आता सरका. एकटी बसणार. कुणी धरायला येऊ नका."

मी आणि मिस्त्री जिन्याने धावत खाली आलो. काका परसात हाताची घडी घालून उभा होता, अगदी घट्ट. मोटरचा आवाज नाही, काही नाही, आणि काचेतून आधी वॉकरचे पाय दिसले, मग इरकलीचे काठ, मग हात, मग अक्कांचा चेहरा. त्या आमच्याकडे बघत नव्हत्या. लिफ्ट टेकली, दार उघडलं, आणि चौदा महिन्यांनी जमिनीवर आल्यावर त्यांचं पहिलं वाक्य होतं, "हितला पाटा कुणी हलवला?"

"आई, छान झालं," काका म्हणाला. त्याचे डोळे भरले होते, पण तो हिशेबी माणूस आहे. "पण वीज गेली तर? मधेच?"

अक्का वळल्या आणि परत लिफ्टमध्ये गेल्या. "मी वर जाऊन येतो. येताना अर्ध्यात आलो की तू स्वतः मेन बंद कर."

"नको आई."

"बंद कर म्हटलं न्हवं?"

त्या वर गेल्या. वरून निघाल्या. काकाने मेनच्या बटणावर हात ठेवला. त्याने डोळे मिटून बटण खाली ओढलं. लिफ्ट अर्ध्या वाटेत थांबली. घरातले पंखे थांबले, फ्रिज थांबला, आणि अक्का आमच्या डोक्यावर काचेत उभ्या. मिस्त्री पुढे झाले होते, मी त्यांचा शर्ट धरून मागे ओढलं. अक्कांनी आतल्या पट्टीवर बोट फिरवलं, एकदा, दोनदा. लाल बटण सापडेना असं मला वाटलं. मग कळलं की त्या चष्मा नाकावर नीट बसवत होत्या. त्यांनी बटण दाबलं आणि लिफ्ट मुंगीच्या गतीने खाली यायला लागली. खाली यायला दीड मिनिट लागलं. मी घड्याळ लावलं होतं, पण ते बघायचं विसरले, आकडा मिस्त्रींचा आहे.

जेवण अक्कांनी स्वयंपाकघरात बसून वाढलं. प्रत्येक भांड्याचं झाकण उघडून नाव ठेवलं. रस्सा वाढताना काका म्हणाला, "ठीक आहे आई. तू इथेच राहा. मी काही म्हणणार नाही."

"राहायचं काय? मी येतो की तुझ्याबरोबर."

आमचे चौघांचेही हात ताटातच थांबले.

"पुण्याला?"

"मग काय दिल्लीला? आठ दिवस. नातवंडं बघून दोन वर्षं झाली."

"मग फेब्रुवारीत मी इतकं सांगत होतो, तेव्हा का तोंड फिरवून बसलीस?"

अक्कांनी भाकरीचा तुकडा मोडला. "जायचं भ्या न्हवतं रे. जाताना चौघं मिळून उतरवलं असतंस मला. पर परत वर कोण चढवणार हुतं? एकदा गेलो की गेलोच. ती खोली मग काकूनं सामान ठेवायला घेतली असती."

"मी?" मी म्हटलं.

"तूच. लेबलं लावून."

हे खरं आहे. मी लावली असती.

त्या दुपारी त्या काकाच्या गाडीतून गेल्या. मी कॅलेंडरवर आठव्या दिवसाभोवती गोल काढला. पुण्याहून रोज फोन यायचा. तिथल्या लिफ्टबद्दल त्यांचं मत फार वाईट होतं. "तिन्ही बाजूंनी आरसा. माणसानं स्वतःचं तोंड किती बघायचं? आणि वारा कुठनं येतोय ह्याचा पत्ता न्हाय. मी तुझ्या दिरपुताला सांगितलं, मिस्त्रीला बोलव." आठवा दिवस आला, गेला. नवव्या दिवशी काकाचा फोन आला, आईला थोडी सर्दी आहे, थांबवतो. मी बरं म्हटलं, आणि दोन दिवस मला कुठल्याच कामात चित्त लागेना. सर्दी म्हणता म्हणता माणसं कायमची राहून जातात, हे मी पाहिलं आहे. तुमचे आजोबा म्हणाले, फोन कर आणि विचार. मी केला नाही, कारण उत्तर काय येईल याची मला खात्री नव्हती.

बाराव्या दिवशी गाडी दाराशी उभी राहिली. अक्का वॉकर टेकत उतरल्या, नाक लाल वगैरे काही नाही.

"सर्दी?" मी विचारलं.

"कसली सर्दी? सुनेला भाकरी थापायला शिकवत हुतो. तिला वेळ लागला."

बैठकीच्या खोलीत त्या थांबल्या नाहीत. स्वयंपाकघरातून परसात गेल्या, लिफ्टमध्ये शिरल्या, दार लागलं. मी खिडकीशी चहाचं आधण ठेवत होते. समोरून त्या सरळ उभ्या वर गेल्या, हातात पुण्याची पिशवी. थोड्या वेळाने वर खिडकीची कडी निघाल्याचा आवाज आला, मग दुसरीची, आणि अक्का वरून ओरडल्या, "इतकी धूळ? बारा दिवस कुणी झाडलं न्हाय व्हय?"